तुलनेसाठी ठेवलेलं मांजर

गाठ तुरीच्या दाण्याएवढी होती. डाव्या कानाच्या मागे, जिथे केस सगळ्यात मऊ असतात आणि म्हणूनच सगळ्यात आधी गुंततात, तिथे. वृषालीने ती चिमटीत धरून पाहिली. काल तिथे नुसता गुंता होता, बोटाने सुटला असता असा. आज तो घट्ट झाला होता आणि खालची कातडी किंचित वर ओढली गेली होती. दुखत असणार. शेवरीने मान हलवली नाही, डोळेही मिटले नाहीत. ती पाणी साचल्यासारखी जागच्या जागी बसून राहिली.

वृषालीचा हात सवयीने स्टीलच्या फणीकडे गेला. तिने तो मागे घेतला.

पर्शियन मांजराचं तोंड चपटं असतं आणि केस त्याच्या जिभेला आवरत नाहीत इतके लांब. त्यामुळे त्याची निगा निम्मी माणसालाच करावी लागते. रोज विंचरायचं, डोळ्यांखाली ओघळणारं पाणी पुसायचं, गुंत्यावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरवून केस मुळाशी चिमटीत धरून टोकाकडून सोडवत यायचं, म्हणजे कातडी ओढली जात नाही. पण माणसाचा वाटा निम्माच. उरलेलं मांजर स्वतः करतं. पंजा ओला करून तोंडावरून फिरवतं, छाती चाटतं, शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडतं. वृषालीने आठवडाभर फणी लावली नव्हती आणि त्या आठवड्यात शेवरीने यातलं काहीही केलं नव्हतं. एकदासुद्धा नाही.

"आई, काय करून राहिली तू?" रेवा चहाचे दोन कप घेऊन आली. "आठ दिवस झाले, हिला विंचरलंच नाहीस."

"बघतेय."

"काय?"

"ती स्वतः काय करते ते."

"ती काय करणार? महाराणी आहे. दासी संपावर गेली तर महाराणी पारोशी राहणार." रेवाने कप खाली ठेवला, शेवरीशेजारी फतकल मारली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

वृषाली त्या हाताकडे पाहत राहिली. पाच महिने होत आले तरी तिला याची सवय झाली नव्हती. रेवाचा उघडा हात, मांजराच्या पाठीवर, आणि रेवाचा श्वास शांत.

*

रेवाला दमा लहानपणापासून होता, पण तेव्हा घरात मांजरं नव्हती. ती शिकायला पुण्याला गेली, त्याच वर्षी तिचे वडील वारले आणि नागपूरच्या या दुमजली घरात वृषाली एकटी उरली. मग एका विद्यार्थिनीच्या घरून शेवरी आणि सरकी आल्या. सख्ख्या बहिणी, एकाच वेतातल्या. एक पांढरी, एक मळकट पिवळसर. वृषाली कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची. घरी आल्यावर तिच्या हातांना काम हवं होतं आणि या दोघींना रोज तासभर हात हवे होते. निवृत्तीनंतर तिने वरच्या खोलीत लोकांच्या पर्शियन मांजरांना आंघोळ घालण्याचं आणि विंचरण्याचं काम सुरू केलं.

मांजरं आली त्याच वर्षीच्या दिवाळीत रेवा घरी आली आणि दुसऱ्याच रात्री तिला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. बरी झाल्यावर वृषालीने तिचं परतीचं तिकीट काढलं, तिला न विचारता. त्यानंतर नऊ वर्षं रेवा नागपूरला आली की मावशीकडे उतरायची आणि मायलेकी हॉटेलात भेटायच्या. रेवा कधी भांडली नाही. फक्त फोन ठेवताना म्हणायची, "तुझ्या लेकींना विचारलं म्हणून सांग."

मग 'सहवास' आलं.

माणसाला मांजराच्या केसांची ॲलर्जी नसते. असते ती एका प्रथिनाची. ते मांजराच्या कातडीतल्या तेलग्रंथींत आणि लाळेत तयार होतं, जिभेने केसांवर पसरतं, वाळतं आणि इतक्या बारीक कणांनी उडतं की बंद खोलीच्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतं. मांजर घरातून गेल्यावरही महिनोन्‌महिने ते गाद्यांमध्ये, पडद्यांमध्ये सापडतं. मांजराला त्याचा उपयोग काय, हे कोणाला माहीत नव्हतं. आणि ज्याचा उपयोग माहीत नाही त्याला निरुपयोगी म्हणून टाकणं सोपं असतं. 'सहवास' हे इंजेक्शन त्या समजुतीवर उभं होतं. ते जनुकाला हात लावत नाही. जनुकाकडून प्रथिन बनवायचा निरोप घेऊन जो रेणू निघतो, त्याला वाटेत गाठून तोडणारे छोटे रेणू ते ग्रंथींमध्ये सोडतं. कृती वहीत तशीच राहते, पण स्वयंपाक होत नाही. परिणाम सुमारे सहा महिने. मग पुन्हा टोचायचं, नाहीतर दीड-दोन महिन्यांत सगळं पूर्ववत.

रेवाचा संसार मोडला, तेव्हा वृषालीने तिला पहिल्यांदा "घरी ये" असं म्हटलं आणि शेवरीला इंजेक्शन दिलं. शेवरीलाच. सरकीला नाही.

तीस वर्षं ती मुलांना एकच गोष्ट बजावत आली होती, की तुलनेला काही ठेवलं नसेल तर प्रयोग करू नका. औषध दिलेलं रोप आणि न दिलेलं रोप शेजारी शेजारी हवीत, नाहीतर काय बदललं ते कळणार कसं? त्यामुळे तिने दोघींना एकाच दिवशी टोचून घेतलं नाही. आधी शेवरी, सरकीला महिन्याने. विंचरताना मांडीवर अंथरायचा शेवरीचा टॉवेलही तिने इंजेक्शनच्या आदल्या दिवशी न धुता पिशवीत हवाबंद केला आणि वरच्या खोलीतल्या कपाटात ठेवला. आधीचा नमुना असावा म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात सरकी नेहमीसारखी शेवरीजवळ गेली. जन्मापासून त्या एका टोपलीत झोपत, एकमेकींचे कान चाटत. सरकीने शेवरीच्या मानेला नाक लावलं आणि थांबली. पुन्हा लावलं. मग तिच्या पाठीवरचे केस उभे राहिले आणि घशातून जो आवाज निघाला, तो वृषालीने या दोघींकडून कधी ऐकला नव्हता. शेवरीच्या नाकावर रक्ताची रेघ उमटली. शेवरीने उलट पंजा उगारला नाही. ती पाहत राहिली, मार दुसऱ्याच कोणाला बसला असावा तशी.

वृषालीने सरकीला वरच्या खोलीत नेलं. चार दिवसांनी रेवा दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली. मग घर धुणं, पडदे बदलणं, वकिलाचे फोन, रेवाचं रडणं, रेवाचं हसणं. सरकीचं इंजेक्शन राहून गेलं. पुढे पुढे ते राहून गेलेलं नव्हतं, हे वृषालीला कळत होतं. "तुलनेला राहू दे थोडे दिवस," असं ती म्हणायची, आणि पाच महिने तेच म्हणत आली होती.

*

वरच्या खोलीचा जिना बाहेरून होता. खाली कुलर घरघरत होता, वर एसी. हल्ली मार्चपासूनच कुलर किंवा एसीशिवाय पर्शियन जगत नसे. वृषाली वर जाताना जुना गाऊन घालायची, परतताना वरच्या न्हाणीत अंघोळ करून, केस धुऊन, दुसरे कपडे घालून उतरायची. दिवसातून दोनदा. तिचे केस कायम ओले असायचे.

सरकीने तिच्या पायांना आधी एक बाजू घासली, मग दुसरी. खुर्चीच्या पायाला गाल घासला. दाराच्या चौकटीला घासला. या सगळ्यावर ती स्वतःचं नाव लिहीत होती आणि येता-जाता ते वाचून घेत होती. मग खिडकीत बसून तिने उजवा पंजा चाटायला घेतला, एकेक बोट फाकवून, सावकाश, एखादी बाई भाजी निवडते तशी.

शेवरी खाली पाच महिन्यांत कशालाच घासली नव्हती.

वृषाली खाली उतरली तेव्हा रेवा तेलाची बाटली घेऊन पायरीवर बसली होती. "मलाही विंचर. शेवरीचा कोटा शिल्लक आहे ना."

वृषालीने तिच्या मागे बसून फणी घेतली. रेवाच्या केसांत पहिला गुंता लागताच तिची बोटं आपोआप मुळाशी गेली, चिमटीत धरलं आणि टोकाकडून सोडवायला लागली.

"आई, मी मांजर नाही."

"दुखत नाही ना पण?"

"नाही." थोड्या वेळाने रेवा म्हणाली, "लहानपणी खूप दुखायचं. तू घाईत असायचीस." तिने मान मागे टाकून आईच्या गुडघ्यावर टेकवली. कपाळावर तेल चकाकत होतं. नऊ वर्षांत या मुलीच्या कपाळाला दोन बारीक रेघा पडल्या होत्या आणि त्या कधी पडल्या हे वृषालीला माहीत नव्हतं. "आता बरं वाटतं गं इथे. सकाळी उठल्यावर कळतं की आपण कुठे आहोत."

मग तिला खोकला आला. कोरडा, लहानसा. तिने खिशातून पंप काढून एकदा ओढला.

"तुझ्या केसांतून येतं," ती सहज म्हणाली. "कितीही धुतलेस तरी. सरकीला टोचून टाक ना एकदाचं. काय तुलना करायची राहिलीय अजून?"

*

सलील बोरकुटे तिचा जुना विद्यार्थी. आता जनावरांचा डॉक्टर होता आणि शहरातल्या निम्म्या पर्शियन मांजरांना 'सहवास' तोच द्यायचा. इंजेक्शन दिलं की मालकाला सांगायचा, विंचरायला वैरागडे मॅडमकडे न्या.

"मॅडम, पर्शियन कुठे चाटतात?" तो फोनवर म्हणाला. "तुम्हीच तर विंचरता त्यांना."

"निम्मं चाटतात, सलील."

"कंपनीच्या अहवालात तर केसांची स्थिती उत्तम आहे. सगळ्या चाचण्यांत उत्तम."

"चाचण्या कोणत्या मांजरांवर झाल्या?"

"पर्शियनवरच. तीच जास्त खपतात ना."

"आणि रोज त्यांना विंचरायला माणसं होती."

वृषालीला ते आठवड्याभरात हळूहळू कळलं होतं आणि कळल्यापासून तिला स्वतःच्या हातांकडे पाहावंसं वाटत नव्हतं. साध्या मांजराने अंग चाटणं सोडलं असतं तर पंधरा दिवसांत घरच्यांना दिसलं असतं. पर्शियनचं दिसत नाही, कारण त्याच्या अंगावर माणसाची फणी फिरलेली असते. इंजेक्शन दिलेली कितीतरी मांजरं तिच्या टेबलावर येऊन गेली होती. शांत, हलत नाहीत, ओरबाडत नाहीत. ती मालकांकडे कौतुक करायची. आणि इतक्या सफाईने विंचरायची की त्यांच्यात काय उरलं नाही हे कोणालाच कळू नये.

"मला वाटतं ते असं आहे," ती म्हणाली. "त्या प्रथिनाच्या मधोमध खळगा असतो, हे तुला ठाऊक आहे. त्यात तेलाचे छोटे रेणू बसू शकतात. प्रत्येक मांजराच्या कातडीत त्या रेणूंचं मिश्रण वेगळं. प्रथिन ते धरून ठेवतं, म्हणून वास अंगावर टिकतो. प्रथिन नसेल तर रेणू बनतात, पण लगेच उडून जातात. त्या मांजराला कुणाचाच वास नाही. सरकीला ती परकी वाटली, आणि तिला स्वतःलाही ती कोणी वाटत नाही. मग चाटायचं कोणाला?"

"पटण्यासारखं आहे. पण सिद्ध नाही, मॅडम."

"नाही. सिद्ध नाही."

"रविवारी दुसरा डोस आहे शेवरीचा. सरकीचाही आणतो या वेळी. रेवाताईंचा फोन आला होता." तो घुटमळला. "नसेल द्यायचा तर दोघींना कुठे ठेवणार? कोणी घेणार नाही हं, आधीच सांगतो."

ते तिला ठाऊक होतं. ती शहराबाहेरच्या निवाऱ्यात जाऊन आली होती. इंजेक्शन आल्यापासून ज्याला त्याला पर्शियन परवडू लागलं होतं. परवडत नव्हतं ते रोज विंचरणं. तिथे ओळीने पिंजरे होते आणि त्यात मशिनने कातरलेली मांजरं बसली होती, मोठ्या डोक्यांची, बारीक अंगांची. एकही कोपऱ्याला गाल घासत नव्हतं. फोनवर ओळखीच्यांना विचारून झालं होतं. आणि कोणी हो म्हटलं असतं तरी, आपण मोडलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात देण्यासारखं ते झालं असतं.

*

गुरुवारी रेवा वकिलाकडे गेली. संध्याकाळपर्यंत येणार नाही म्हणाली.

वृषालीने वरच्या कपाटातून पिशवी काढली. ती का काढते आहे आणि ती खाली नेण्यात काय धोका आहे, दोन्ही तिला नीट माहीत होतं. अर्ध्या तासाचं काम, मागच्या गॅलरीत, दार लावून. मग टॉवेल वर, फरशी ओल्या फडक्याने पुसायची, अंघोळ.

तिने गॅलरीत पिशवी उघडली आणि टॉवेल शेवरीसमोर अंथरला.

शेवरी थोडा वेळ बसून राहिली. मग तिची नाकपुडी हलली. ती उठली, पोट जमिनीला टेकवून पुढे आली, टॉवेलला नाक लावलं. तोंड अर्धवट उघडून, वरचा ओठ उचलून तो वास तिने आत ओढला. पुन्हा. आणि मग तिने टॉवेल चाटायला घेतला.

आधी एक कोपरा, खालून वर, एकाच दिशेने. मग पंजाने टॉवेल दाबून धरून दुसरी बाजू. सुती दोऱ्यांत अडकलेला एक पांढरा केस तिने दातांनी ओढून सरळ केला. तिच्या स्वतःच्या छातीवर जटा लोंबत होत्या, कानामागची गाठ आता सुपारीएवढी झाली होती, आणि ती टॉवेलाला नीटनेटकं करत होती. घशातून घुर्र घुर्र आवाज येत होता. पाच महिन्यांनी.

अर्धा तास झाला. वृषालीने टॉवेलाचं टोक धरून हळूच ओढलं. शेवरीने दोन्ही पंजे त्यावर ठेवले आणि तिच्याकडे पाहिलं. गुरगुरली नाही. नुसतं पाहिलं. वृषालीने टोक सोडून दिलं. आणखी थोडा वेळ, असं ती मनाशी म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. तिथे किती वेळ गेला ते तिला कळलं नाही.

फाटक वाजलेलं ऐकू आलं नाही. ऐकू आला तो रेवाचा आवाज, आनंदाने भरलेला. "आई, इकडे ये. शेवरी चाटून राहिली बघ. अगं, घुरघुरतेय ही." वकील भेटला नव्हता, ती लवकर परतली होती.

वृषाली धावली. रेवाने शेवरीला उचलून उराशी घेतलं होतं आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं होतं. खाली टॉवेल पडला होता.

"सोड तिला," वृषाली म्हणाली. "रेवा, सोड."

*

रेवा दोन दिवस रुग्णालयात होती. पहिल्या दिवशी तिच्या ओठांचा रंग वृषालीला पाहवला नाही. दुसऱ्या दिवशी ती उशांना टेकून बसली आणि तुकड्यातुकड्यांनी बोलू लागली.

"इंजेक्शनचा परिणाम संपत आलाय का?" डॉक्टरांनी विचारलं. "की घरात दुसरं मांजर आहे, न टोचलेलं?"

"वरच्या मजल्यावर आहे," वृषाली म्हणाली. ते खरं होतं.

"मग तिथूनच आलं असणार. या पुढचा झटका मी सावरू शकेन याची हमी देत नाही. घरी गेल्यावर आधी त्याचा बंदोबस्त करा."

डॉक्टर गेल्यावर रेवा छताकडे पाहत पडून राहिली. "आई."

"बोलू नकोस."

"मागच्या वेळी याच दवाखान्यात होते मी. घरी आल्यावर टेबलावर तिकीट होतं." तिने श्वास घेतला. "तू बरोबरच केलंस, मला नंतर कळलं. पण या वेळी पाठवू नकोस. पाठवलंस तर मी परत नाही येणार. धमकी नाही देत. मला जमणारच नाही परत."

"हं."

"रविवारी दोघींना टोचून टाकू. मग झालं."

वृषालीने तिच्या केसांतून हात फिरवला. टॉवेलाबद्दल ती तेव्हाच बोलली असती. तोंड उघडलंही होतं. पण रेवाने डोळे मिटले होते आणि तिच्या छातीचा भाता पहिल्यांदा एका लयीत चालला होता.

रेवाला घरी आणण्याआधी वृषालीने टॉवेल पुन्हा पिशवीत बंद केला, घर धुतलं आणि शेवरीच्या गाठी कात्रीने कापल्या. फणीने सुटण्यापलीकडे गेल्या होत्या. कानामागे रुपयाएवढी गुलाबी कातडी उघडी पडली. शेवरीला अंघोळ घातली तेव्हा टॉवेलाचा जो काही वास तिच्या पंजांना लागला होता तो पाण्याबरोबर गेला. ती पुन्हा जागच्या जागी बसून राहिली.

*

"तुमच्या तासाला उशीर झाला की बाहेर उभं करायच्या," सलील दारात चपला काढत म्हणाला. "अजून भीती बसलीय. बघा, वेळेवर आलो."

रेवाचा आवाज अजून घोगरा होता, पण तिने हट्टाने पोहे केले होते, वर चण्याची तर्री, हिरवागार बारीक चिरलेला सांबार पेरलेला. सलीलने दोन घास खाल्ले आणि बर्फाची पेटी उघडून जेवणाच्या टेबलावर दोन चिमुकल्या बाटल्या ठेवल्या. सुया काढल्या. रेवाने शेवरीला टॉवेलात गुंडाळून आणलं, दुसऱ्या, धुतलेल्या टॉवेलात.

"आधी कोण?"

"ही," रेवा म्हणाली. "मग वरची. तिला वर जाऊनच टोचा, खाली आणू नका."

सलीलने बाटलीचं टोपण धरलं. "एकदा उघडली की ठेवता येत नाही, मॅडम. उघडू ना?"

"थांब," वृषाली म्हणाली.

ती खुर्चीवर बसली. तिचे केस ओले होते आणि पाठीवर पाणी ठिबकत होतं. "रेवा, त्या दिवशी वरून काही उडून आलं नव्हतं. मी शेवरीचा जुना टॉवेल खाली आणला होता. इंजेक्शनच्या आधीचा. काय होऊ शकतं ते माहीत असताना आणला."

रेवाचा हात शेवरीच्या पाठीवर थांबला. "कशाला?"

"तिला तो ओळखू येतो का ते बघायला."

"आणि आला?"

"आला."

सलील बाटलीवरचं लेबल वाचत राहिला.

"ठीक आहे," रेवा अखेर म्हणाली. ती शब्द मोजून वापरत होती, श्वास पुरवून. "मी मेले नाही. चुकलं तुझं, संपलं. आता दोघींना टोचलं की टॉवेल नाही, वरची खोली नाही, दिवसातून दोनदा अंघोळी नाहीत. दोघी सारख्या. आपण चौघी एका घरात. काय वाईट आहे त्यात, सांग मला. खातात, पितात, दुखत तर नाही ना त्यांना?"

"दुखत नसावं."

"मग?"

यातलं काहीच चूक नव्हतं. रेवाच्या जागी दुसरी कोणी असती तर वृषालीने स्वतः हेच सांगितलं असतं. सहा महिने, मग आणखी सहा महिने. ती दोघींना रोज विंचरेल. तिच्या हाताखाली दोघींचे केस असे चमकतील की येणारा जाणारा विचारेल, काय खायला घालता. खाली रेवा फोनवर हसेल. सकाळी उठून तिला कळेल आपण कुठे आहोत. आणि वरच्या खिडकीत पंजाचं एकेक बोट फाकवून चाटणारं कोणी नसेल, तुलनेला कोणी उरणारच नाही, आणि मग काही दिवसांनी, फार नाही, काय गेलं हे वृषालीलाही आठवणार नाही.

हे तिला आज सुचलं नव्हतं. सरकीने शेवरीच्या मानेला दुसऱ्यांदा नाक लावलं, त्या क्षणीच ते ठरलं होतं. पाच महिने ती ते तोंडात धरून जिना चढत-उतरत होती.

"बाटल्या परत बर्फात ठेव, सलील," ती म्हणाली. "मी शेवरीला टोचणार नाही. सरकीलाही नाही."

सलीलने रेवाकडे पाहिलं. रेवाने आईकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पुढचं वाक्य तिला माहीत होतं. आपण ते ऐकणार आहोत आणि आई ते म्हणणार आहे, एवढंच तिथे दिसत होतं. तिने शेवरीला अलगद जमिनीवर सोडलं. शेवरी जिथे ठेवली तिथेच बसली.

वृषालीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. या वेळी तिकीट काढून ठेवायचं नव्हतं. या वेळी तोंडानेच सांगायचं होतं.

"रेवा," ती म्हणाली, "तू या घरात राहू नकोस."